मांगोर हिल, गुरुवार

दर गुरुवारी सातला मी आठ खुर्च्या मांडते.
त्यातल्या तीन शेजारच्या पेर्पेतच्या.
तीही त्यांच्यामागून येते,
"खुर्च्यांवर नजर ठेवायला" म्हणते
आणि सगळ्यांत आधी बसते.

खिडकीच्या कट्ट्यावर बंदरातल्या कोळशाची भुकटी.
चारला पुसली तरी सातला आहेच.

एकोणतीस वर्षं शाळेत शिकवलं.
प्रश्न विचारायचा, तीन मोजायचे,
आणि उत्तर आपणच फळ्यावर लिहून टाकायचं.
ती खोड देवाच्या कामातही आली माझ्याबरोबर,
राहुरीहून वास्कोला, ट्रंकेत घडी घालून.
पहिलं वर्षभर मीच बोलले.
सगळे माना डोलवायचे, चहा प्यायचे,
आणि खरं काय ते जिन्यात बोलायचे.
जिन्यातलं मला वर ऐकू येतं.

त्या गुरुवारी उतारा तळ्याकाठच्या माणसाचा.
अडतीस वर्षं अंथरुणावर,
आणि त्यालाच विचारलं जातं,
बरं व्हायचंय का म्हणून.
मी वहीत सात प्रश्न काढले होते, लाल शाईनं.
पहिलाच विचारला:
हे विचारावं का लागलं असेल?

कुणी बोलेना.
तीन झाले. दहा झाले.
उत्तर माझ्या ओठांशी आलंच होतं,
मी जीभ दाढेखाली धरली.
फ्रिज घुरघुरला, थांबला.
खाली पोदेराचा भोंपू वळणावरून गेला.
सुवार्तानं बाळाचा मोजा काढला, परत घातला.

मग शांतवन पाटोळे,
बंदरात क्रेनवर असतो,
दोन वर्षांत "आमेन" आणि "साखर कमी" एवढंच बोललेला,
कट्ट्यावर बोट ओढत म्हणाला,
"मला नाही व्हायचं बरं."

कुणाची तरी बशी वाजली.

"एलियाला जाऊन मेमध्ये चार वर्षं होतील.
लोक म्हणतात, सावर आता.
सावरलो, तर त्याचं जाणं परवडलं असं होईल ना?"

परवडलं.
वाण्याच्या दुकानातला शब्द.

उजगरेभाऊंचं बोट पानावर, वचन तयार.
मी म्हटलं, "भाऊ, जरा थांबा."
त्यांना असं कुणी म्हणायची पहिलीच वेळ,
ते थांबायचीही.

"कसा होता एलिया?"
हा प्रश्न वहीत नव्हता.

डावखुरा होता. भोपळा खायचा नाही.
बापाला केबिनमधून दिसावं म्हणून
समोरच्या टेकडीवर जाऊन
अंगातला शर्ट काढून हलवायचा.
सांगताना शांतवन एकदा हसलासुद्धा,
मग हसल्याबद्दल त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

पेर्पेतला मराठी अर्धंमुर्धं कळतं.
ती तिच्या कोकणीत म्हणाली,
तिच्या रुजारलाही भोपळा चालत नव्हता.

नव्हता.
आम्ही सगळेच त्या शब्दाशी अडखळलो.
दोन वर्षं तीन खुर्च्या उसन्या आणतोय,
एकट्या बाईच्या घरात एवढ्या कशाला,
कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही. आणि मी म्हणे प्रश्न विचारणारी.

साडेनऊ वाजले. शेवटची प्रार्थना राहूनच गेली.
त्या रात्री जिन्यात फक्त चपला वाजल्या.
खुर्च्या पोचवायला उचलल्या, तर पेर्पेत म्हणाली,
"आसूं दी हांगाच."

सकाळी कट्ट्यावर शांतवनच्या बोटाची रेघ होती,
रात्रीच्या कोळशानं निम्मी बुजवलेली.
फडकं हातात घेऊन मी बराच वेळ उभी.
मग पुसली. दमा आहे मला.