जनरल रजिस्टर, क्रमांक एक

शाळेच्या कपाटात अगदी खालच्या फळीवर
लाल फडक्यात बांधून ठेवलंय ते.
किल्ली माझ्याकडे, वाळवीशी भांडणही माझंच.
दर सहा महिन्यांनी कडुलिंबाचा पाला बदलते.
शिपाई केणीमामा म्हणतात,
"मॅडम, स्कॅन झालंय ना सगळं, आता कशाला?"

पहिलं पान. अनुक्रम एक: पोशा जोमा घरत.
जन्मतारखेच्या रकान्यात आधी पेन्सिलीनं
'उधाण आलं त्या साली, शिमग्यानंतर.'
मग मास्तरांनी ते खोडून शाईनं लिहिलं, एक जून.
अनुक्रम दोन, एक जून. तीन, एक जून.
अख्खं गाव एकाच दिवशी जन्मलेलं.

पालकाचा धंदा:
मीठागर. मीठागर. होडी. मीठागर.
खारी शेती. मीठागर.
शाळा सोडल्याचे कारण:
बांध फुटला.
आगरावर गेला.
आगरावर गेला.
होळीनंतर आला नाही.

बेलापूरच्या किल्ल्यावर कोण आले, कोण गेले
ते पुस्तकात आहे, परीक्षेला दोन गुण.
पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, ओळीनं.
मीठ कोण ओढत होतं, ते फक्त या रकान्यात.

तेव्हा खिडकीतून खाडी दिसायची म्हणतात.
भरतीची वेळ पोरांना घड्याळाआधी कळे.
निवट्या चिखलातून उड्या मारत
थेट पायरीपर्यंत यायच्या,
आणि मास्तर विचारायचे, पूर्वेला काय?
सगळी पोरं एका सुरात: डोंगर!
आज पूर्वेला पार्किंगचे चार मजले.
पारसिकच्या डोंगराचा एक तुकडा
माझ्या मते त्यातच असेल,
खडी होऊन.

मग एका पानावर अक्षर बदलतं.
नवे मास्तर, बॉलपेन.
पालकाचा धंदा: काही नाही.
काही नाही. काही नाही.
सतरा ओळी.
त्या वर्षी साखळी घेऊन माणसं आली होती,
खाजण मोजून गेली.
पुढं डंपर, रेती, भाड्याच्या खोल्या, एजंट,
आणि मग गावातली आडनावंच संपतात.
ती पोरं आता सेक्टरातल्या काचेच्या शाळेत जातात,
बसमधून, टाय लावून.

काल मंजुळाबाई आल्या. पोशाची लेक.
प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी उतारा हवा होता,
शहराच्या आधी इथं गाव होतं
याचा पुरावा.
बापाचं नाव दाखवलं. त्यांनी पाहिलं न पाहिलंसं केलं.
"मी हाय का यान?"

होत्या. अनुक्रम दोनशे अकरा.
हजर दिवस: चार.
कारण: लहान भाऊ सांभाळणे.
वाचून दाखवलं तशा हसायला लागल्या,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर, पदर तोंडाशी धरून.
"त्याच भावान सह्या करून जमीन इकली.
माजा आंगठा बी त्यानंच धरला व्हता."
मग शांतपणे विचारलं, फी किती?
पन्नास रुपये, म्हटलं.
त्यांनी कनवटीचे मोजून दिले.
पावती मागितली. घडी घालून ठेवली.

आज नवी भरती.
यादगीरची बाई, साइटवर विटा वाहते,
कडेवर एक, हाताशी एक.
हातातल्याचं नाव शरणू.
जन्मतारीख? ती आठवते, बोटं मोडते,
"पूर आला ना गावाकडं, त्या वर्षी."
ऑनलाइन फॉर्मात पुराला जागा नाही.
कर्सर लुकलुकत राहतो.
मी एक जून टाकते.

शाळा सोडल्याचे कारण हा रकाना अजून रिकामा आहे.
मला ठाऊक आहे तिथं काय येणार,
साइट बदलली,
पण आज ते लिहायचं नाही.

पाला संपलाय.
गावात कडुलिंब एकच उरलाय,
देवळामागं, जिथं आता गाड्या लावतात.
केणीमामांना म्हटलं, थोडा आणा.
ते म्हणाले, "त्याच्याखाली कुणाची तरी फॉर्च्युनर उभी असते मॅडम,
संध्याकाळी बघतो."