कर्मणी प्रयोग

वानवडीहून कर्नल इंदलकर येतात, दर मंगळवारी.
फाईल खुर्चीवर ठेवतात, स्वतः उभे राहतात.
एरवी मी पंपांची मॅन्युअलं करते, भोसरीच्या कंपन्यांसाठी,
शब्दाला अडीच रुपये.
हेही त्याच दराने करा, म्हणाले,
जनरल आहे म्हणून जास्त नको.

कुनो हेसेनडॉर्फ.
एकोणचाळीसमध्ये त्याला रेजिमेंट देण्यात आली,
एक्केचाळीसमध्ये डिव्हिजन, आणि युक्रेनमधला एक जिल्हा.
तिथली अकरा गावं रिकामी करण्यात आली.
विहिरी बुजवण्यात आल्या.

इतकं सोपं भाषांतर मी आजवर केलेलं नाही.
त्याचं जर्मन मामलेदार कचेरीत जन्मल्यासारखं,
कळविण्यात येते की.
आणि क्रियापद तिकडेही शेवटी:
म्हातारे, बायका, एक मुका गुराखी
स्वल्पविरामांमागे रांगेत उभे,
त्यांचं काय झालं ते पूर्णविरामाला टेकल्यावर कळतं.

‘ठार मारले’चे पाच रुपये.
‘ठार मारण्यात आले’चे साडेसात.

आठवीत हुपरीकर बाई डस्टर आपटायच्या,
कर्ता कुठाय, कर्ता?
साक्षीची एकशे चौदा पानं मी चाळली.
सापडला एकदाच, तुरुंगातून बायकोला लिहिलेल्या पत्रात:
मी इथले गुलाब छाटले.

कर्नलना वेगळंच हवं होतं.
चव्वेचाळीसचा डिसेंबर, इटलीतली एक नदी,
अलीकडे त्यांचे वडील, सुभेदार, पलीकडे हा.
त्या बांधाच्या चिखलात वडिलांची तीन बोटं राहिली.
“आमच्या लोकांबद्दल काय म्हणतो?”
मी ओळ काढून दिली.
शत्रूला पहाटेपर्यंत थोपवण्यात आले.
“बस?”
बस.
तेव्हा ते पहिल्यांदा बसले, फाईलवरच.
खिडकीखाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं,
बराच वेळ.

पंचेचाळीसमध्ये शरण. शिक्षा बारा वर्षं,
दम्यामुळे पाचव्या वर्षी सोडण्यात आले.
मग एकोणीस वर्षं पेन्शन, गुलाब,
गावच्या चर्चच्या छपराला वर्गणी.
मग मेला.
हे क्रियापद त्यालाही वळवता आलं नाही.

शेवटच्या मंगळवारी कर्नल चष्मा लावून पानं बघत राहिले.
“प्रत्येक वाक्याआधी ही जागा का सोडलीय, बाई?
टायपिंगची चूक?”

नाही, म्हटलं.
बिलात धरलेली नाही.