दिसू नये असं काम

पाणी पाचव्या दिवशी आलं, पहाटे साडेतीनला.
पिंपं भरून झाल्यावर झोप येईना,
म्हणून वेणूला हलवलं : उघड बाबा तुझं ते मशीन.

तो डोळे चोळत म्हणाला, "पिन्नी, आधी हेडलाईन.
'नोकरीच्या शोधात' असं लिहायचं नाही.
ते लोक शब्द टाकून शोधतात.
तुझे शब्द काय, सांग की."

माझे शब्द.
सुई, चिमटा, काचेचं टेबल, खालून ट्यूबलाईट.
तुटलेला ताणा, सुटलेला बाणा,
तेलाचा डाग, उंदरानं कुरतडलेला काठ.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
दुसऱ्यांच्या चुका आत ओढून घेतल्या
आणि टॉवेलच्या लुपांत जिरवल्या.

वेणूनं टाईप केलं :
क्वालिटी अ‍ॅश्युरन्स, होम टेक्स्टाईल, डिफेक्ट अ‍ॅनालिसिस.
मी वाचलं. कुणा शिकलेल्या बाईचं वाटलं.
"ह्यात खोटं हाय का काय?"
"नाही."
"मग राहू दे."

फोटो आधारवरचा चालणार नाही म्हणाला,
त्यात मी पकडून आणल्यासारखी दिसते.
मागे पांढरं हवं, आणि भिंत आमची निळी, खिळ्याखिळ्यांची.
शेवटी टॉवेल टांगला,
शेवटच्या पगाराऐवजी हातात ठेवलेल्या
दोन डझन रिजेक्टांतला एक.
मांडीवरचं विड्यांचं सूप न हलवता
आई तेलुगूत म्हणाली,
आता ह्या वयात कुठल्या स्थळाला पाठवताय?
मला हसू आलं, तेवढ्यात वेणूनं काढला.

मग शिफारस. कुणीतरी दोन ओळी लिहायला हव्यात.
शेठचा फोन बंद.
इरण्णा मास्तरांना विचारलं, तर त्यांनी
भाजी घेता घेता, फाटकाशी उभं राहून सांगितलं :
"ह्या बाईंनी दुरुस्त केलेला माल कधी परत आला नाही."
वेणू म्हणाला, फार छोटं आहे, वाढवतो.
मी म्हटलं, हात लावायचा नाही.

"आता रोज काहीतरी टाकत राहा. हललीस तरच वर येशील."
म्हणजे धोट्यासारखं.
"धोटा काय?"
मी सांगत बसले नाही.

सवय कशी मोडायची, ते मात्र त्याला विचारायचं होतं.
दुरुस्तीवरून बोट फिरवावं, बोट अडकू नये.
चांगलं काम सापडत नाही;
सापडलं, की ते वाईट.
एवढंच मला येतं,
आणि आता तेच चारचौघांत मांडायचं,
माझ्या नावाचं,
वर हिरवं कडं लावून.

आठवड्यात नऊ जण बघून गेले.
एक करूरचा, एक इचलकरंजीचा,
एक नाव झाकून आलेला.
त्याचा मला राग आला नाही.

काल रात्री लाईट गेली, पंखा थांबला,
तेव्हा मोबाईलवर माझाच फोटो मोठा करून बघत होते.
डाव्या खांद्यामागे, काठापासून चार बोटं,
तिथं माझं मेंडिंग आहे. मला पक्कं ठाऊक आहे.
अजून मोठा केला. अजून.
सापडेना.

सकाळी वेणू म्हणाला, दुसरा काढू का, उजेडात?
म्हटलं, नको.
हाच असू दे.