चौदाव्याला उजवीकडे

पिशवी मी उचलते, टॉरक्विल. तू फक्त ऐक.
कार्ड खिशात घाल. त्यावरची अंतरं
वारा नसलेल्या दिवशी मोजलीत,
आणि तसा दिवस या किनाऱ्यावर
अडुसष्ट वर्षांत मी दोनदा पाहिला.

पहिल्याला ताकद दाखवू नकोस.
क्लबच्या खिडकीतून चहाचे कप धरून बघतायत सगळे.
त्यांच्यासाठी मारलेला चेंडू
सरळ ओढ्यात जातो.
पाच नंबरची आयर्न घे, ओढ्याच्या अलीकडे थांब.
थांबणं हासुद्धा फटकाच असतो.

तिसरा सोपा दिसतो, तेच त्याचं कपट.
झेंडा बंकरच्या अगदी मागे रोवतात,
ताटात वाढून ठेवल्यासारखा.
तू हिरवळीच्या मधोमध मार, दोनदा ढकल, पुढे चल.
त्या बंकरला आम्ही पाद्र्याची विहीर म्हणतो.
एका पाद्र्याला त्यातून निघायला सात फटके लागले,
आणि पुढच्या रविवारी
प्रवचन फारच आटोपशीर झालं.

सहाव्याला वारा तोंडावर.
एडिंबरोहून येणारे इथे दात-ओठ खातात.
चेंडू खालून काढ,
दाराखालून चिठ्ठी सरकवावी तसा.
तू जोर वाढवलास की वाराही वाढवतो,
आणि त्याच्याकडे शिल्लक जास्त असते.

बघ. वाढवलासच.
काढ आता वाळूतून, बाजूला काढ,
पुढे नाही, बाजूला.
चुकीवर चूक रचली की भिंत होते रे.

सात, आठ, नऊ. तिथे मी बोलत नाही.
सँडविच खा.

अकराव्याचा उतार समुद्राकडे आहे.
डोळे उलटं सांगतील, डोंगरामुळे फसतात ते.
तळव्यांना विचार.
बाराव्यावर धुकं चढलं
तर मेंढ्यांच्या आवाजाच्या थोडं डावीकडे मारायचं,
मात्र मॅकेच्या मेंढ्या. बाकीच्या कुठेही भटकतात.

हा चौदावा.

इथे डावीकडे मारायचं. चर्चचा मनोरा धरायचा.
तिथून हिरवळ किलकिल्या दारासारखी दिसते,
हलकासा फटका, आणि आत.
उजवीकडे नुसता गॉर्स,
पिवळी फुलं, हाताएवढे काटे,
आणि तीन पिढ्यांचे हरवलेले चेंडू.
कुणी शहाणा उजवीकडे मारत नाही.

तुझे वडील एकतीस वर्षं उजवीकडे मारत होते.

सेक्रेटरी मला म्हणायचे, एल्स्पेथ,
तू कॅडी आहेस ना, सांगत का नाहीस त्याला?
काय सांगणार?
हरवलेला चेंडू शोधायला तेव्हा पाच मिनिटं मिळायची.
ते झुडपात शिरायचे, मी मागोमाग,
वाऱ्याकडे पाठ करून काडी ओढायची.
झाकल्या मुठीत एकच सिगारेट,
डॉक्टरांच्या नजरेआड, तुझ्या आईच्या,
आणि बरोबर खेळणाऱ्या त्या बँकवाल्याच्याही.
आम्ही बोलत नसू. समुद्र ऐकू यायचा फक्त.
मग नियम बदलला, तीनच मिनिटं झाली.
ते भराभर ओढायला शिकले.

कार्डावर दरवेळी दोन फटके जादा.
स्वस्त पडतं, म्हणायचे.
चषक त्यांना कधी मिळाला नाही,
एकदा एका फटक्याने गेला,
आणि मी त्या रात्री घरी बसून
दोनातून एक वजा करत होते.

तू ओढत नाहीस, माहीत आहे.
काडेपेटी अजून बाजूच्या कप्प्यात आहे,
सादळली असेल.

तुझं कार्ड बरं चाललंय, चारच जास्त.
मनोरा तो तिकडे.
पंधरा, सोळा, सतरा मी सांभाळून नेईन तुला.
ड्रायव्हर घे किंवा लाकडी तीन,
पण ठरव लवकर,
मागचे चौघे टीपाशी येऊन उभे राहिलेत.