भोपळा

रेडिओवर आयर्विन पुलाची पातळी सांगत होते,
फुटात, वर इंच.
मी जिन्याच्या पायऱ्या मोजत होते.
चौतीस वर्षं गणित शिकवलेली बाई
दुसरं काय करणार?
तासाला अर्धी पायरी, उरल्या सहा,
म्हणजे पहाटे चारला पाणी माझ्या अंथरुणाशी.
ताळा करून पाहिला. उत्तर बरोबर होतं.

मिरजेत, कृष्णाघाटाच्या उतारावर,
वरच्या खोलीत आम्ही तिघं:
मी, डाव्या अंगावरून वारं गेलेल्या अंबूताई,
आणि त्यांचा पोपट,
जो सारखा "चहा, चहा" म्हणत होता.
देव्हाऱ्यातला बाळकृष्ण रुमालात बांधून मी कमरेला खोचला
आणि त्याच्याकडे स्पष्ट मागितलं: हेलिकॉप्टर.
नाहीच जमलं तर लष्कराची बोट,
नारिंगी जाकिटातली दणकट, शिकलेली माणसं.

एकच्या सुमारास टकटक झाली.
दारावर नाही. खाली, पाण्यातून,
पोकळावर पोकळ आपटावं तशी.
मी बॅटरी मारली.
एक बाज. तिच्याखाली सुंभानं आवळलेले भोपळे,
तंबोऱ्याचे, मंगळवेढ्याकडून येतात ते,
अजून न चिरलेले,
आणि मागं गळ्याइतक्या पाण्यात एक माणूस.
"बाई, मी दस्तगीर. सातवी ब."

दस्तगीर.
ज्याच्या पेपरावर मी लाल शाईनं
हा एवढा भोपळा काढला होता
आणि वर्ग हसावा म्हणून त्याला देठही काढला होता.
हसला वर्ग.
तोही हसला, पेपर पोटाशी धरून.
दुसऱ्या दिवसापासून बाक रिकामा.
कोणी म्हणालं, मामाच्या दुकानात असतो, सतारींच्या,
भोपळ्यातला गर खरवडतो.
मी हजेरीपटावर आडवी रेघ मारली.
पट्टी लावून, सरळ.

"टाकाऊ आहेत हे, बाई," तो म्हणाला,
"पोटाला वाकडे. सूर धरत नाहीत.
पण पाणी पण धरत नाहीत."

"किती आहेत रे?" सवयीनं विचारलं मी.
अंधारातच त्यानं खालून हात फिरवला.
"अकरा."
नऊ होते.
मी काही बोलले नाही.

आधी अंबूताईंना नेलं, पोपट त्यांच्या मांडीवर.
मग तो परत आला.
येईल असं मी गृहीत धरलं नव्हतं.
"हात द्या, बाई."
दिला.
त्याच तळव्यावर मी एकदा पट्टीचे फटके मोजले होते,
पाच, आणि ते मोजण्यात चूक झाली नव्हती.
आता तो तळवा लाकडासारखा,
लाखेचा वास येणारा.

विजेच्या खांबाची टोकं बाजूनं गेली.
पिंपळाचा शेंडा गेला,
त्यावर अडकलेली कुणाची तरी शाळेची बॅग.
तो पाय मारत होता, धापा टाकत होता,
मध्येच म्हणाला, "घाबरू नका, बाई, आत काही नाही त्यांच्या."
खरंच. माझ्याखाली नऊ शून्यं होती,
आणि मी बुडत नव्हते.
ही बेरीज मला कुणी शिकवली नव्हती.

काठावर पोचलो तर तो थांबलाच नाही.
घाटावर कुणाची तरी म्हैस ओरडत होती,
तिकडे वळला.
आभार मानायला मी तोंड उघडलं
तेव्हा फक्त टकटक ऐकू येत होती, लांब जाणारी.

छावणीतल्या मुल्लाणी मावशींनी नावाचा अर्थ सांगितला:
दस्तगीर, म्हणजे हात धरणारा.
मी वर्षभर ते नाव रोज उच्चारलं होतं,
"हजर" ऐकून पुढच्या नावाकडे वळण्यापुरतं.

सकाळी तलाठ्यांनी फॉर्म दिला.
सुटका कोणी केली?
लष्कर. पोलीस. प्रशासन. इतर.
मी "इतर"वर खूण केली
आणि पुढच्या टिंबटिंबांवर पेन ठेवून बराच वेळ बसले.
पोपटाला कुणीतरी बशीत चहा दिला.

मग कमरेचा रुमाल सोडला. ओलाकिच्च.
आत तो, दोन बोटांएवढा, रांगता,
उजवा हात पुढं केलेला,
आणि हातात लोण्याचा गोळा,
वाटोळा,
देठ नसलेला.