कलिल

फळ्यावर मी एक झाड काढलं, उलटं.
वर मूळ: द्रव्य.
खाली फांद्या: शुद्ध, मिश्र,
मग मूलद्रव्य, संयुग, समांगी, विषमांगी.
सतरा जणांनी ते वहीत उतरवून घेतलं.
या वाळवंटाच्या काठावर
आमच्या गावात तेवढंच एक झाड.

परीक्षेत सोपंच विचारलं:
तांबं, मीठ, दूध, धुकं.
योग्य चौकटीत लिहा. गुण चार.

दहाला जनरेटर बंद होतो, त्याआधी
मी पेपर तपासतेय.
तांबं सगळ्यांना येतं.
प्रत्येकाचं कुणी ना कुणी वर खाणीत आहे,
चौदा दिवस वर, सात दिवस घरी.
फक्त इतालाने पुढे लिहिलंय:
मामाच्या खोकल्यातलं मात्र शुद्ध नसावं.
मी अर्धा गुण कापते.
मग परत देते.

दूध म्हणजे डब्यातली पावडर आणि टँकरचं पाणी,
असं निम्म्यांचं म्हणणं. मिश्रण. बरोबर.

नेमेसिओने धुक्याची चौकट कोरी ठेवलीय
आणि समासात, मुंगीच्या अक्षरांत:
बाई, बाबांनी टेकडीवर जाळी लावलीय.
रात्रभर ती फडफडते.
सकाळी पिंपात असतं ते पाणी, हे मला कळतं.
पण जाळीच्या अलीकडे ते काय असतं?
मी हात घालून पाहिला.
हाताला काहीच लागलं नाही.
बाही ओली झाली.

लाल पेन तसंच उघडं राहतं माझ्या हातात.
उत्तर आहे. कलिल.
विरघळलेलं नाही, खाली बसणारंही नाही,
हवेत पाण्याचे बारीक कण, नुसते विखुरलेले.
पुढच्या वर्षीच्या पुस्तकात आहे म्हणून
मी ती फांदी काढलीच नव्हती.

दिवे जातात.
मी टॉर्च घेऊन दाराबाहेर येते.
समुद्राकडून कामान्चाका चढून आलंय,
शेजारच्या वाल्देराबाईंचा कुत्रा भुंकतोय,
कुठून ते कळत नाही.
बटण दाबते,
आणि उजेड जाताना दिसतो,
माझ्या हातापासून पार चर्चच्या भिंतीपर्यंत
एक सरळ, पांढरा वासा.

स्वच्छ हवेतूनही उजेड जातोच,
फक्त जाताना दिसत नाही.

हे वर्गात, दिवसा, दाखवता यायचं नाही.
सतरा जणांना रात्री बोलवावं लागेल.
पालकांच्या चिठ्ठ्या लागतील.
आणि जास्तीचे सेल.