सुकीवरचा हलका पूल

एप्रिलात रेझिन कुणासाठी थांबत नाही.
जळगावच्या एमआयडीसीत, पत्र्याखाली,
दहाला कालवलं तर डब्यातच दगड होतं.
म्हणून आम्ही पहाटे चारला यायचो,
हुरमत तडवी आणि मी,
हाताला पावडर चोपडून, बाह्या रबराने आवळून.
तरी काचेचा धागा कोपराच्या वळीत शिरायचाच
आणि रात्रभर आठवण देत राहायचा.

एक थर लांबीत. एक आडवा. दोन तिरपे.
फेगडे सरांनी कागदावर बाण काढून दिले होते :
धागा जिकडे, ताकद तिकडे,
बाकी नुसता डिंक.
हे ऐकून हुरमत हसली,
कशाला, ते सांगितलं नाही.

रोलर फिरवायचा दाबून, पण हळू.
बुडबुडा राहिला की उद्याचा तडा तिथेच.
हुरमत म्हणायची, खापरावर मांडा टाकताना
मी एवढा श्वास धरत नाही गं.
तिसऱ्या थरात तिचा एक केस अडकलाय.
मी पाहिला होता.
काढला नाही.

सावद्याच्या पुढे सुकी नदी,
दहा महिने नावाप्रमाणे वागणारी.
उरलेल्या दोनात सातपुडा अंगावर घेऊन येते
आणि शाळा पलीकडे राहते.
दोन्हीकडे केळी, बांध बैलगाडीपुरता,
क्रेन वळणार कुठे?
चौदा मीटरचा पूल तीन तुकड्यांत गेला,
एकेक तुकडा सोळा खांद्यांवर.

देवचंद भंगाळ्यांनी जन्मभर विहिरी बांधल्या, दगडी.
त्यांनी कठड्यावर टिचकी मारली, आवाज ऐकला.
"हा पूल हाये का बिबडा, भो?"
लोक हसले.
कुणीतरी म्हणालं, हलका माल दिला आपल्याला.
हलका माल, हलकं काम, हलक्या जातीचं,
हा शब्द हुरमतने गावोगाव ऐकलेला.
ती नट आवळत राहिली.

मग सुकीचीच वाळू पोत्यांत भरून
एकशे सत्तर पोती वर रचली.
पूल सव्वीस मिलिमीटर वाकला.
रात्रभर तसाच.
सकाळी पोती उतरवली तर परत वर आला,
एक मिलिमीटर सोडून.
तेवढा त्याने ठेवून घेतला.

खरी पंचाईत शाळेने केली.
प्रार्थनेची रांग, डावा-उजवा,
चाळीस पावलं एका ठेक्यात,
आणि पूल नाचायला लागला.
पोरं खूश, बाई पांढऱ्याफटक.
फेगडे सर मोबाइल फळीवर ठेवून
दिवसभर कंप मोजत बसले.
टेकूखाली रबर घातलं, पोकळ तुळईत वाळू भरली,
नाच कमी झाला, गेला नाही.
शेवटी पाटी रंगवली :
पुलावर पाय जुळवू नयेत.
बाई म्हणाल्या, सर, वर्षभर मी हेच शिकवते,
जुळवा म्हणून.

श्रावणात मी एकदा संध्याकाळी गेले.
वीज नव्हती. खाली पाणी, लाल, ऐकू येण्याइतकं.
मी या टोकाला पाय ठेवला
आणि मधोमध कुणीतरी थांबलं,
कठड्याला सरकून मला वाट केली.
दिसत तर काहीच नव्हतं.
दगडाच्या पुलावर मागून बैल आला तरी कळत नाही,
इथे माझी चप्पल
आठ मीटरवर कुणाच्या तरी तळव्याला लागली होती.

"कोण रे भो?"
भंगाळ्यांचा आवाज.
मी नाव सांगितलं.
"तूच बनोला ना हा?
ये. हयू ये.
मले कयतं."